गठ्ठे घरात असतानाचा उन्हाळा

एप्रिल सरत आला की माझ्या तोंडून एक वाक्य हमखास निघतं आणि हमखास माझं हसं होतं. यंदाही झालं. सुनेने मोबाइलवर एक एसी पाहून ठेवला होता. तो मला दाखवत म्हणाली, "आई, हा घेऊ या का? परवा येऊन बसवूनही देतील." मी चष्मा लावला, चित्र नीट पाहिलं, किंमत पाहिली आणि म्हणाले, "छान आहे. निकाल लागला की घेऊ."

"कुणाचा निकाल?" तिने विचारलं.

आता काय सांगणार? घरात परीक्षेला बसलेलं कुणी नाही. मी शाळेतून निवृत्त झाले त्यालाही बरीच वर्षं झाली, पेपर तपासणं त्याआधीच सुटलेलं. पण मार्च ते जून या दिवसांत काही नवं घ्यायचं म्हटलं की माझा हात आपोआप आखडतो. पैसे असतात, गरज असते, दुकान उघडं असतं. तरी आतून कुणीतरी म्हणतं, थांब, अजून निकाल लागायचा आहे.

मास्तर लोकांच्या चिक्कूपणाचे विनोद मी जन्मभर ऐकले आणि हसलेही. मास्तर केळं घेतो तेव्हा साल परत देऊन पैसे कमी करून मागतो, वगैरे. आमच्या स्टाफरूममध्ये असे विनोद सांगणारे स्वतः मास्तरच असत. पण खरं सांगू का, पगारामुळे माणूस काटकसरी होतो हे अर्धंच खरं आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमच्या घरी अंथरूण किती लांब आहे याच्याइतकाच, आपण पाय पसरतो ते कोण पाहतंय, याचा विचार असायचा.

बाबा नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत गणित शिकवायचे. आम्ही राहायचो उत्तर नागपुरात, इंदोऱ्याकडच्या एका वस्तीत, कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपराच्या दोन खोल्यांत. रोज सायकलने जाणं-येणं. शाळेच्या आजूबाजूच्या अर्ध्या दुकानांत त्यांचे जुने विद्यार्थी बसलेले असत आणि नेमकं त्यामुळेच बाबा तिथून काही घेत नसत. एकदा आईसाठी लुगडं घ्यायला ते तिथल्या कापडाच्या दुकानात शिरले. गल्ल्यावरचा मुलगा उठून पाया पडला, चहा मागवला आणि वर म्हणाला, "सर, तुमच्याकडून कमाई करू का?" त्याने खरेदीच्या भावात लुगडं दिलं. बाबांना ते इतकं लागलं की पुढे साधा रुमाल घ्यायचा तरी ते इतवारीत जायचे, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. तिथे ते मनसोक्त घासाघीस करत. आई म्हणायची, "तुमची ओळख लय महाग पडते आपल्याले."

शाई, टपाल, पुस्तकं, सायकलचं पंक्चर आणि आल्यागेल्याचा चहा, एवढ्यावर मात्र त्यांचा हात सैल. चहा तर जरा जास्तच. समोरच्याचं काही घ्यायचं नसेल तर त्याला आधी काहीतरी द्यावं, अशी त्यांची रीत होती.

याच्यामागे आणखी एक गोष्ट होती आणि ती आमच्या घरात स्पष्ट बोलली जायची. छप्पन साली आजोबांनी बाबांना सोबत नेऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आजोबा मिलमध्ये कामाला. त्या दिवसासाठी त्यांनी दोघांना पांढरे कपडे शिवले होते, ते त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात महाग कपडे. पुढे बाबा बी.ए. झाले, हायस्कुलात लागले, वस्तीतले पहिले. नोकरीच्या पहिल्या दिवशी आजोबांनी त्यांना दारात थांबवून सांगितलं, "दुसऱ्याकडे लोक एकदा पाहतेत. तुह्याकडे दोनदा पाहतीन. ध्यानात ठेव." बाबांनी ते जरा जास्तच ध्यानात ठेवलं, असं मला आता वाटतं. तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान होता!

मॅट्रिकचे पेपर तेव्हा परीक्षकाच्या घरी यायचे. एप्रिलमध्ये एका दुपारी कापडात शिवलेले, लाखेचे शिक्के मारलेले गठ्ठे यायचे. परीक्षक कोण हे गुप्त असायला हवं, पण पोस्टमनच्या सायकलवर दोन एवढाले गठ्ठे पाहिल्यावर वस्तीत काय गुप्त राहणार! समोरची खोली बाबांची होऊन जायची. खिडकी बंद, दाराला ओलं पोतं, खाली सतरंजीवर बाबा, अंगात बनियन, डोक्यावर ओला पंचा, हातात लाल शाईचा पेन. घामाचा थेंब उत्तरपत्रिकेवर पडून शाई फुटू नये म्हणून मनगटाखाली टीपकागद. त्या खोलीला लाखेचा आणि तापलेल्या कागदांचा एक वास यायचा. अजूनही कुठे लाख वितळली की मी चौदा वर्षांची होते.

आणि गठ्ठे घरात आले की नियम सुरू व्हायचा. निकाल लागेपर्यंत, निदान शेवटचा गठ्ठा जाईपर्यंत, घरात नवी वस्तू यायची नाही. चप्पल तुटली तर शिवायची. फुटलेल्या माठाच्या जागी शेजारचा जुना माठ आणलेलाही चालायचा नाही, कारण विकत तर नाहीच, कुणाकडून मागूनही काही घ्यायचं नाही. बाबांच्या शाळेतल्या भोयर सरांनी एका मे महिन्यात रेडिओ घेतला होता. स्वतःच्या बचतीतून, पावतीसकट. पण कुणीतरी निनावी अर्ज टाकला, की रेडिओ एका पालकाने दिला. चौकशी झाली, त्यात काही निघालं नाही, पण भोयर सरांना पुन्हा पेपर आले नाहीत आणि त्या रेडिओला लोक शेवटपर्यंत 'पेपरचा रेडिओ'च म्हणत राहिले. बाबा म्हणायचे, "भोयर सरांचं नाव खराब व्हायले एक अर्ज पुरला. आपल्याले तं अर्धाच पुरन."

हे सगळं किती टोकाला जायचं त्याचा एक नमुना सांगते. आईचं माहेर भिवापूरचं. उन्हाळ्यात मामा वर्षाच्या मिरच्या घेऊन यायचे. लाल मिरच्यांचं पोतं खांद्यावर घेऊन मामा गल्लीत शिरले की बाबा लगबगीने दारात उभे राहायचे आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारायचे, "काय भाऊसाहेब, भिवापूरच्या मिरच्या आणल्या काय? दरवर्षीच्याच ना?" मामाही हुशार. ते त्याहून मोठ्याने ओरडायचे, "हो जावईबापू, घरच्याच हायेत, बहिणीसाठी आणल्या!" आत आई पदर तोंडाला लावून हसत बसायची. मग चार दिवस अंगणात मिरच्या वाळायच्या आणि सगळी गल्ली शिंकायची.

आईचं ते हसणं मला स्वच्छ आठवतं. तिच्या हृदयात काहीतरी जन्माचं अधू होतं. हसली तरी तिला मध्येच थांबून श्वास घ्यावा लागे.

ज्या उन्हाळ्याविषयी मला लिहायचं आहे, त्या वर्षी ती मार्चपासूनच थकली होती. बाबा तिला रामदासपेठेत एका डॉक्टरांकडे घेऊन गेले, मीही सोबत होते. डॉक्टरांनी छाती तपासली, घर कसं आहे विचारलं, छप्पर कशाचं आहे विचारलं आणि म्हणाले, "यांना हा उन्हाळा झेपायचा नाही. दुपारी चुलीपाशी जाऊ देऊ नका. आणि मास्तर, औषधाआधी एक पंखा घ्या."

गंमत अशी, की पैसे होते. आई गल्लीतल्या बायकांच्या भिशीत होती आणि तिचा नंबर त्याच महिन्यात लागला होता. पुरेसे पैसे डब्यात होते. म्हणजे गरिबीवर ढकलावं, तर तीही सोय आम्हाला नाही. अडचण एवढीच होती, की डॉक्टरांकडून घरी आलो तेव्हा गठ्ठे येऊन पडले होते.

बाबा दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी ते सीताबर्डीवर गेले आणि टेबल फॅन घेऊन आले. म्हणजे आणला नाहीच. पंखा पसंत केला, पूर्ण पैसे दिले, पावती घेतली, खोक्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि खोकं दुकानातच ठेवून आले. शेवटचा गठ्ठा रवाना झाला की घेऊन जाईन म्हणाले. दुकानदार चकित झाला असणार. त्याने सुचवलं, अंधार पडल्यावर आमचा माणूस घरी पोचवून देईल, कुणाला कळणार नाही. बाबा घरी येऊन आईला सांगत होते, "मी त्याले म्हटलं, अंधारात आलेली वस्तू तं चोरीचीच दिसते. दिवसाढवळ्या नेईन, घंटी वाजवत."

"बरं केलं," आई म्हणाली. "पंधरा-वीस दिवसांचा तं प्रश्न हाय. मले काही होत नाही. तुम्ही पेपर पाहा."

अशी वेडी चूक दुसऱ्या कुणी केली असती का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कारकुनाने केली नसती. दुकानदाराने तर नाहीच नाही. पैसे मोजून वस्तू विकत घ्यायची आणि ती गरजेच्या दिवसांत परक्या दुकानात पडू द्यायची, ही चूक मास्तरच करू जाणे. त्यातही असा मास्तर, ज्याच्याकडे लोक दोनदा पाहतात. कंजूष माणूस पैसे जपतो, बाबा नाव जपत होते. आणि नाव जपण्याचा खर्च घरातलं कोण भरतंय, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. माझं तरी कुठे होतं?

मे लागला. कवेलूंतून ऊन गळत होतं. मी जमिनीवर पाणी शिंपायची, ते बघता बघता सुकायचं. आई मधल्या खोलीत ओल्या जमिनीवर पदर पसरून पडलेली असे आणि मी हातपंख्याने वारा घालत असे. वारा कसला, वाफाच. पलीकडे बाबा पेपर पाहत. पानं उलटल्याचा आवाज येई. आई हळूच विचारायची, "किती राह्यले?" बाबा आतून सांगायचे, "साठ." दुसऱ्या दिवशी, "पस्तीस." ते आमचं कॅलेंडर होतं. बाबांनी त्या वर्षी रोजच्यापेक्षा जास्त पेपर काढायचा प्रयत्न केला, हे मी पाहिलं आहे. पण घाईत कुणाचा मार्क चुकू नये म्हणून प्रत्येक बेरीज ते पुन्हा करत. तिथेही त्यांना जवळची वाट माहीत नव्हती.

आमच्या भिंतीला भिंत लागून रामटेके काकू राहायच्या. काका मिलमध्ये विणकामावर. आदल्या दिवाळीच्या बोनसमधून त्यांच्याकडे टेबल फॅन आला होता, गल्लीतला पहिला. त्यांचा अशोक त्याच वर्षी मॅट्रिकला बसला होता. काकूंचा आणि आईचा जीव एकमेकींवर. पण गठ्ठे आले की काकू आपण होऊनच येणं कमी करायच्या. मास्तरांच्या घरी आपल्या पोराच्या परीक्षेच्या साली जास्त जाणं बरं दिसत नाही, हे त्यांनाही कळत होतं.

शेवटचा गठ्ठा द्यायचा दिवस उजाडला. बाबा सकाळीच तो बांधून, शिवून सायकलला लावून निघाले. तो मॉडरेटरांच्या, म्हणजे तपासलेले पेपर पुन्हा पाहणाऱ्यांच्या, घरी पोचवायचा आणि तिथून सीताबर्डीवर जाऊन पंखा घेऊन यायचं, असं ठरलं होतं. निघताना आईला म्हणाले, "आज रातच्याले तू गार हवेत झोपशील." आई हसली आणि थांबून तिने श्वास घेतला.

दुपारी एकच्या सुमाराला दाराचं पोतं हललं. रामटेके काकू उभ्या होत्या. कमरेवर लेकरू घ्यावं तसा त्यांनी चादरीत गुंडाळलेला पंखा घेतला होता. घामाने चेहरा डबडबलेला.

"बेबी, तुह्या मायचं कण्हणं ऐकू येऊन राह्यलं भिंतीतून," त्या म्हणाल्या. "हा लाव तिच्यापाशी."

मी दारातून हलले नाही. म्हटलं, "आमच्याकडे पेपर हायेत काकू. आम्ही काही घेत नाही."

"घ्याले कोण सांगते वं? दुपारपुरता लाव. गुरुजी याच्या आत घेऊन जाईन मी."

पेपर घरात नव्हते. शेवटचा गठ्ठा सकाळीच गेला होता, हे मला माहीत होतं. आणि बाबांकडे नागपूरचे पेपर येतच नसत, कुठल्या तरी दुसऱ्याच जिल्ह्याचे यायचे, हेही मला माहीत होतं. पण निकाल लागायचा होता ना! आणि बाबा घरी नसताना त्यांचा नियम राखायची संधी मला पहिल्यांदाच मिळाली होती. चौदा वर्षांच्या मुलीला आपण बापासारखे आहोत हे दाखवायची केवढी हौस असते. मी काकूंच्या डोळ्याला डोळा भिडवून विचारलं, "तुमचा अशोक बसला ना यंदा मॅट्रिकले?"

काकूंनी पंख्यावरची चादर सारखी केली आणि उन्हातून परत गेल्या.

आत आईने विचारलं, "कोण आलतं?"

"रामटेके काकू. पंखा घेऊन आल्या होत्या. परत पाठवलं," मी म्हणाले. माझ्या आवाजात शाबासकीची अपेक्षा होती.

आई म्हणाली, "बरं. पाणी दे."

चार वाजेपर्यंत तिचं अंग निखाऱ्यासारखं तापलं. ती काहीबाही बोलायला लागली, भिवापूरच्या विहिरीचं, तिच्या आईचं. मी ओल्या फडक्याने अंग पुसत होते आणि मोठमोठ्याने रडत होते. रडणं ऐकून काकू धावत आल्या. येताना पंखा घेऊनच आल्या, या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही. बटण दाबलं. त्याच सुमाराला गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजायला लागली. बाबा येत होते, कॅरिअरला खोकं बांधलेलं, घंटी वाजवत, सगळ्यांना दिसेल असे.

दवाखान्यात दोन दिवस ती होती. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दिवसांच्या वंदनेच्या, दिवशी गल्ली लोटली होती. भोयर सरही आले होते. बाबा येईल त्याला सांगत होते, "मी पैसे देऊन पंखा दुकानात ठेवला. पंधरा दिवस ठेवला." लोक म्हणायचे, "गुरुजी, असं मनाले लावून घेऊ नका." मी कोपऱ्यात बसून रामटेके काकूंकडे पाहत होते. आता त्या सांगतील, असं मला वाटत होतं. त्या आल्यागेल्याला पाणी देत होत्या. माझ्यापाशी आल्या तेव्हा मला वाटलं, आता. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सकाळपासून काही खाल्लं नाही वं तू." बस, एवढंच. त्यांनी ते कधीच कुणाला सांगितलं नाही, काकांनासुद्धा नाही. पुढे त्या गेल्या, त्याही ते तसंच घेऊन.

पुढचे पंधरा-सोळा उन्हाळे बाबांना पेपर येत राहिले. त्यांनी नियम कधी मोडलाही नाही आणि कधी उच्चारलाही नाही. मीही शिक्षिका झाले, माझ्याही घरी गठ्ठे आले. माझं लग्न झालं, मुलगा झाला. सुट्टीत माहेरी गेले की बाबा कुणा ना कुणाला ती पंख्याची गोष्ट सांगत असायचे. दूधवाल्याला, नव्या भाडेकरूला. मी उठून स्वयंपाकघरात जायची. लोकांना वाटायचं, लेकीला आईची आठवण सोसत नाही.

शेवटच्या आजारात ते माझ्याकडेच होते. शांत झाले होते, फार बोलत नसत. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. दोन चमचे घेतल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "बेबी, माह्या हट्टापायी गेली तुही माय. दुसऱ्या कोणाचा दोष नाही."

खोलीत आम्ही दोघंच होतो. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की बाबा, त्या दुपारी पंखा दारात आला होता आणि मी तो परत पाठवला.  इतकी वर्षं नाही, तर निदान आता. ते माझ्यावर रागावले असते, की माझ्यासोबत रडले असते, की थोडे हलके झाले असते, मला माहीत नाही.

मी म्हणाले, "असं काही नाही बाबा. पेज घ्या."

चार दिवसांनी ते गेले. सगळा दोष एकट्याने घेऊन गेले, आणि मी तो त्यांना नेऊ दिला.